चोविसावा हिस्सा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छोट्या मोटारी आणि मालट्रक यांच्या प्रतिकृती बनविण्याचा छंद, हा विषय पत्रिकेत वाचून अनेकांना नवल वाटले असेल. पन्नास वर्षांच्या संस्थेच्या उत्सवात खेळण्यांची चर्चा कशासाठी, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या छंदाविषयी येथे सांगावयाचे आहे तो आठव्या-दहाव्या वर्षी लागतो आणि सत्तरी उलटली तरी सुटत नाही, असे जगभरचे असंख्य लोक आहेत. शिवाय या छंदामागे एका वखारवाल्या पिता-पुत्रांच्या धंद्याची पडझड आणि सावरण्याची जी हकीकत आहे, ती पेढीवर बसणाऱ्या कोणालाही परकी वाटणार नाही. आणखी एक गोष्ट आहे. चाळीस-पन्नास वर्षे गल्ल्यावर बसलेला मनुष्य मुलांच्या हाती किल्ल्या देऊन घरी बसतो, तेव्हा सकाळी दहा वाजता त्याच्या हातांना काय काम असते? हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. त्याविषयी बोलले मात्र फारसे जात नाही.

प्रथम हिशोब पाहू. प्रतिकृती म्हणजे ओबडधोबड नक्कल नव्हे. मूळ गाडीच्या प्रत्येक मापाला एकाच संख्येने भागून जी वस्तू तयार होते, तीच खरी प्रतिकृती होय. मोटारींसाठी सर्वाधिक रूढ झालेले प्रमाण चोविसावा हिस्सा हे आहे. मूळचा एक फूट येथे अर्धा इंच होतो; चौदा फुटांची मोटार सात इंचांत बसते आणि चोवीस फुटांचा मालट्रक बरोबर एक फुटाचा होतो. गज-फूट-इंच ज्यांच्या बोटांवर आहे त्यांना हे गणित कागदाविना जमेल. परंतु लांबी चोविसाव्या हिश्श्यावर आली म्हणून वजन तेवढेच कमी होत नाही. ते चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पटींनी कमी होते. एक हजार किलो वजनाची मोटार त्याच धातूंत तंतोतंत चोविसाव्या हिश्श्याने घडविली, तर ती सुमारे ७२ ग्रॅमची भरेल. वस्तू लहान करणे म्हणजे केवळ आकार कमी करणे नव्हे, हे या एका आकड्यावरून ध्यानात यावे. त्यातून पुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात ते ओघाने येईलच.

अमेरिकेत मात्र पंचविसावा हिस्सा रुजला. त्याचे मूळ मोटार विक्रेत्यांच्या दुकानात आहे. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात सुरू झालेली एएमटी ही कंपनी प्रारंभी नव्या मोटारींच्या छोट्या तयार प्रतिकृती बनवून विक्रेत्यांना पुरवीत असे. गिऱ्हाईकाने रंग पाहावा, मुलाने हट्ट धरावा आणि बापाने खरी गाडी घ्यावी, असा तो मामला. अभियंत्यांच्या मोजपट्टीला सोयीचे म्हणून पंचविसाव्या हिश्श्याचे माप तेथे चालले. पुढे १९५८ मध्ये याच कंपनीने सुट्या भागांचे संच बाजारात आणले. एकाच खोक्यातील भागांपासून तीन वेगवेगळ्या प्रकारे मोटार जोडता येई. नमुन्याच्या वस्तूचाच स्वतंत्र धंदा झाला. कापडाच्या नमुना-पुस्तकाला गिऱ्हाईक मिळावे, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आता वळू जपानकडे. तेथील शिझुओका हे शहर दक्षिण आल्प्स पर्वतराजीच्या पायथ्याच्या बाजूस, समुद्रानजीक वसलेले आहे. डोंगरातील लाकूड आणि ते घडविणारे कुशल कारागीर यांसाठी ते पूर्वापार प्रसिद्ध होते. जून १९४५ मध्ये विमानांच्या बॉम्बवर्षावात शहराचा फार मोठा भाग जळाला. दुसऱ्या वर्षी, १९४६ मध्ये, योशिओ तामिया नावाच्या गृहस्थांनी तेथे लाकडाची वखार आणि आरागिरणी सुरू केली. जळालेल्या शहराला घरे बांधण्यासाठी लाकूड हवेच होते. गिरणीतील उरल्यासुरल्या लाकडाच्या सोबतीने त्यांनी शाळकरी मुलांसाठी जहाजांच्या वगैरे लाकडी प्रतिकृतींचे संच करण्यास आरंभ केला.

१९५१ मध्ये आग लागली आणि लाकडाचा साठा भस्मसात झाला. वखारीत माल जळतो तेव्हा केवळ लाकूड जळत नाही. उधारीवर आणलेला विश्वासही जळतो. योशिओ यांनी घरबांधणीच्या लाकडाचा व्यापार १९५३ मध्ये बंद केला आणि जो जोडधंदा होता त्यालाच मुख्य धंदा केले. लाकडी जहाजे आणि लाकडी मोटारी यांवर कुटुंब सावरू लागले. थोरले चिरंजीव शुनसाकु यांचा जन्म १९३४ चा. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातून ते कायद्याची पदवी घेऊन वडिलांच्या धंद्यात आले. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतून प्लॅस्टिकचे संच जपानात येऊ लागले होते. लाकडाचा संच म्हणजे चार ठोकळे आणि एक नकाशा. मुलाने कोरावे, तासावे, बोट कापून घ्यावे. प्लॅस्टिकच्या खोक्यात मात्र खिडकीची चौकट, चाकाची नक्षी, सारे साच्यातून तयार निघालेले. १९५८ च्या अखेरीस जपानी बनावटीचा पहिला प्लॅस्टिक संचही बाजारात आला. दुकानदार लाकडी माल परत पाठवू लागले. ज्या मालावर पोट चालते तोच उद्या कोणी विचारणार नाही, अशी वेळ आली की काय होते ते हातमागाचे कापड विकणाऱ्यांच्या मागील पिढीला वेगळे सांगावयास नको.

प्लॅस्टिकसाठी पोलादी साचा लागतो आणि त्या साच्याची किंमत एकरकमी द्यावी लागते. माल एक खपो वा एक लाख. तामिया यांनी कर्जबाजारी होण्याची जोखीम पत्करून यामातो या युद्धनौकेच्या प्रतिकृतीचा साचा करविला आणि १९६० मध्ये तो संच आणला. किंमत ठरविली होती ५५० येन. माल बाजारात जाण्यापूर्वीच दुसऱ्या एका कंपनीने त्याच नौकेचा संच ३५० येनला विकण्यास काढला. तामियांनाही ३५० येनलाच विकणे भाग पडले. त्या किमतीत साचा वसूल होणे शक्यच नव्हते. पहिलाच डाव असा हुकला आणि पिता-पुत्र पुन्हा लाकडाकडे वळले.

येथून त्यांना बाहेर काढले ते एका अगदी क्षुल्लक वस्तूने. दुसऱ्या कोणा खेळणीवाल्याने टाकून दिलेला छोट्या शर्यतीच्या मोटारीचा साचा त्यांनी स्वस्तात मिळविला आणि त्यातून मुलांसाठी एक लहानशी मोटार काढली. ती भराभर खपली. त्या पैशावर पुढचा साचा झाला. शर्यतीच्या त्या क्षुद्र मोटारीचा उल्लेख कंपनीच्या इतिहासात सहसा मोठ्या अक्षरांत होत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेच पान सर्वाधिक वाचनीय आहे. पुढे आला तो मोटरवर चालणारा एक रणगाडा. रणगाडे आणि तोफा हा या उद्योगाचा फार मोठा भाग आहे, हे खरे असले तरी येथे त्याच्या तपशिलात शिरण्याचे प्रयोजन नाही. फक्त एक गंमत सांगण्याजोगी आहे. आत सेलची पेटी आणि मोटर बसली पाहिजे, एवढ्या हिशोबाने त्या रणगाड्याचे आकारमान ठरले. नंतर मोजले तेव्हा ते पस्तिसाव्या हिश्श्याच्या जवळपास निघाले. आज जगातील बहुतेक कंपन्या त्या प्रकारासाठी हेच प्रमाण पाळतात. सेलच्या पेटीने जगाचे माप ठरविले!

मोटारींच्या बाबतीत मात्र शुनसाकु तामिया यांनी अंदाजाने काही चालू दिले नाही. १९६७ मध्ये होंडाच्या शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती बाराव्या हिश्श्यात काढली. त्यानंतरची गोष्ट पोर्शे मोटारीची. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील कारखान्याला त्यांनी अनेकदा भेटी दिल्या, असंख्य छायाचित्रे घेतली. तरीही आतील काही भाग नीट उमगेनात. अखेर त्यांनी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती कारखान्यात आणून सुटी-सुटी केली. मोजमापे झाली. मग ती पुन्हा जोडता येईना! तेव्हा पोर्शेच्या तंत्रज्ञांना बोलावून ती पूर्ववत करून घ्यावी लागली. खेळण्याच्या मोटारीसाठी खरी मोटार फोडणारा हा मनुष्य वेडा म्हणावा की शहाणा?

हिशोबाने पाहता तो व्यवहार तोट्याचाच होता. १९७६ मध्ये बाराव्या हिश्श्यातील पोर्शे ९३४ आली, ती चांगली खपली. पण साच्यांवर इतका खर्च झाला होता की तो निघेना. म्हणून त्याच मोटारीत विद्युत मोटर आणि बिनतारी नियंत्रणाचे यंत्र बसवून त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढली. तीतून बिनतारी मोटारींचा एक नवाच उद्योग उभा राहिला. आज जगभर ओळखले जाणारे दोन ताऱ्यांचे बोधचिन्ह शुनसाकु यांच्या धाकट्या बंधूंनी, मासाओ यांनी रेखाटलेले आहे. एकत्र कुटुंबाचा धंदा म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहेच. शुनसाकु तामिया यांचे जुलै २०२५ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. जपानातील प्लॅस्टिक प्रतिकृतींपैकी बहुतांश आजही त्याच शिझुओकात तयार होतात, आणि दरवर्षी मे महिन्यात तेथे जे प्रदर्शन भरते त्यात कंपन्यांच्या मांडणीसोबत हौशी मंडळांची मेजेही ओळीने लागतात.

खोके विकत घेऊन भाग जोडणे, हा या छंदाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक कठीण आहे. त्यात सर्व काही स्वहस्ते घडवावयाचे असते. याचे विलक्षण उदाहरण अमेरिकेत आढळते. फिशर नावाचे सात भाऊ होते. त्यांचे वडील घोडागाड्या बांधीत. पुढे हे भाऊ मोटारींची अंगे, म्हणजे बॉडी, बांधू लागले आणि जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीचा एक आधारस्तंभ बनले. १९३० मध्ये या कंपनीने शाळकरी व महाविद्यालयीन मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. मुलाला केवळ नकाशे आणि सूचना मिळत. त्यावरून फ्रान्सच्या सम्राट नेपोलियनच्या काळातील राजेशाही बग्गी त्याने लहान आकारात तयार करावयाची. लाकूड कोरणे, धातूचे कमानपाटे वाकविणे, दिव्यांची भिंगे बसविणे, आसनांचे गाद्यागिरदे शिवणे, रंग, सोनेरी वेल, सारे त्याच मुलाच्या हातचे असले पाहिजे अशी अट. पुढे बग्गीऐवजी स्वतःच्या कल्पनेतील मोटार बाराव्या हिश्श्यात घडविण्याची स्पर्धा आली. विजेत्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली.

१९४७ च्या स्पर्धेत चार्ल्स जॉर्डन नावाचा कॅलिफोर्नियाचा एक विद्यार्थी राष्ट्रीय विजेता ठरला. तोच पुढे जनरल मोटर्समध्ये दाखल झाला आणि १९८६ ते १९९२ या काळात त्या संपूर्ण कंपनीच्या आरेखन विभागाचा प्रमुख होता. बाराव्या हिश्श्याची मोटार करणाऱ्या हाताखाली अखेर पूर्ण मापाच्या लक्षावधी मोटारी आल्या. या स्पर्धेत एक मोठा दोषही होता, तो लपविण्याचे कारण नाही: मुलींना तीत प्रवेशच नव्हता. अर्ध्या घरातील हात कोरे ठेवून हस्तकौशल्याची स्पर्धा घेणे हे व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नव्हते. याउलट इंग्लंडमधील मॅचबॉक्स मोटारींचा जन्मच एका मुलीमुळे झाला. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्यास मुभा होती. म्हणून तिचे वडील जॅक ओडेल यांनी तिच्यासाठी पितळेचा चिमुकला रोडरोलर घडविला. १९५३ पासून तशा मोटारी काडेपेटीच्या आकाराच्या खोक्यांतून विकल्या जाऊ लागल्या आणि आपल्याकडील कित्येक घरांतही पोहोचल्या. डिंकी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचे जुने साचे तर कोलकात्यास आले आणि त्यांतून निकी टॉइज या नावाने भारतीय बनावटीच्या मोटारी निघाल्या. आज साठीत असलेल्यांपैकी कोणाच्या तरी माळ्यावर त्यातील एखादी चाक निखळलेली पडून असेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे. खोके उघडले की प्लॅस्टिकच्या चौकटींना फळांप्रमाणे लटकलेले शंभर-दीडशे भाग दिसतात. नवशिक्या ते हाताने पिळून तोडतो आणि पहिली चूक तेथेच होते. भाग छोट्या कटरने कापावा, राहिलेला कोंब कानशीने काढावा, मग पाण्यात भिजविलेला बारीक पॉलिश पेपर फिरवावा. साच्याचे दोन अर्ध जेथे मिळतात तेथे प्रत्येक भागावर केसासारखी रेघ उमटलेली असते. तीही घासून नाहीशी करावी लागते. साचा जितका जुना, तितकी रेघ जाड. या प्लॅस्टिकला चिकटविणारा द्रव खरे तर चिकटवीत नाही. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. म्हणून थेंब जास्त झाला तर भागच वितळतो, आणि बोट लागले तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. आणखी एक फसगत काचेच्या बाबतीत होते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक भागावर बसली की ती काच धुरकट पांढरी होते. महिनाभराचे काम शेवटच्या संध्याकाळी असे बिघडलेले नाहीत, असा कारागीर विरळा.

रंग हे या कामातील सर्वात अवघड प्रकरण. खऱ्या मोटारीचे दार आणि अंग यांमधील फट चार-पाच मिलिमीटरची असते. प्रतिकृतीत ती जेमतेम दोन दशांश मिलिमीटर. साध्या कागदाएवढा, म्हणजे एक दशांश मिलिमीटर जाडीचा रंग चढला, तर मूळ मापात तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा थर झाला! साहजिकच दाराची फट बुजते आणि मोटार साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. यास्तव आधी अस्तराचा हात, मग अत्यंत पातळ असे चार-पाच हात, दोन हातांमध्ये वाळण्यास पुरता वेळ, मग अतिबारीक पेपरने घासणी, शेवटी चकाकी, असा क्रम असतो. घाई करणाऱ्याला रंग क्षमा करीत नाही. चंदेरी रंगातील कण माणसाने लहान केलेले नसतात, म्हणून जाड कणांचा रंग मारला की मोटारीवर अभ्रकाचे खडे उधळल्यासारखे दिसते.

आणि कापड! येथे कापड व्यापाऱ्याने थोडे थांबावयास हरकत नाही. आसनांना खरे कापड लावावे असे नवशिक्याला वाटते. उत्तम तलम मलमल घ्या, इंचात ऐंशी धाग्यांची. चोविसाव्या हिश्श्यात तिचा एक धागा आणि लगतची फट मिळून मूळ मापाचे तीन दशांश इंच होतात, म्हणजे साडेसात मिलिमीटर. सुंभाच्या दोरीने विणलेल्या खाटेवर कोणी बसावे, तशी ती आसने दिसतात. दुकानातील सर्वोत्कृष्ट ताका येथे गोणपाट ठरतो. म्हणून जाणकार कापड वापरीतच नाहीत. पातळ कागद, धातूचा वर्ख, कधी मऊ लगदा यांतून चुण्या आणि शिवणी घडवितात. चामड्याचा भास तर निव्वळ रंगाच्या कमी-अधिक चकाकीने साधतो, त्यासाठी चामडे लागत नाही. पायाखालच्या गालिच्यासाठी गोंद लावून त्यावर तंतूंची मखमली भुकटी भुरभुरवितात. मालट्रकवरील ताडपत्रीसाठी चहाच्या पुडीतील किंवा टिश्यू कागद गोंदपाण्यात भिजवून मालावर अंथरतात. वाळला की तो खऱ्या ताडपत्रीसारख्या घड्या धरून बसतो. कापडाची पारख असलेला माणूस हे पाहून प्रथम हिरमुसतो. थोड्या वेळाने मात्र घडी कशी पडते, वजनाने कापड कोठे झुकते, हे त्या कागदाला शिकविण्यास तोच सर्वात योग्य ठरतो.

मालट्रकचा विषय निघालाच आहे. मोटार करणाऱ्याला चकाकीचा ध्यास असतो. ट्रक करणाऱ्याला धुळीचा. ट्रकच्या अंगाखालचे सारे उघडे असते. लांबच लांब चासी, कमानपाटे, डिफरन्शियल, हवेच्या टाक्या, डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या. काहीच झाकता येत नाही. म्हणून मोटारीच्या दुप्पट भाग आणि दुप्पट सोशिकपणा लागतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत लांब नाकाच्या पीटरबिल्ट ट्रकचे पंचविसाव्या हिश्श्यातील संच निघाले आणि इटलीतील इटालेरी कंपनीने युरोपीय ट्रक चोविसाव्या हिश्श्यात आणले. जोडून, रंगवून झाल्यावर खरा कारागीर त्या नव्याकोऱ्या ट्रकला जुना करतो. मडगार्डाच्या कडेला गंजाचा ठिपका, टाकीच्या तोंडाशी डिझेलचा ओघळ, चाकांवर मुरमाचा रंग. गंज कोठे चढतो आणि कोठे चढत नाही, हे पाहण्यासाठी तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकभोवती फेऱ्या घालतो आणि क्लीनर त्याच्याकडे संशयाने पाहतो.

आपल्याकडील ट्रक म्हणजे तर रंगांची जत्रा. १९५४ पासून टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या सहकार्यातून जे ट्रक निघाले त्यांनी दोन-तीन पिढ्यांचा माल वाहिला. कापडाच्या गाठी त्यांतूनच पेढ्यांवर उतरल्या. त्यांचे संच दुकानात सहज मिळत नाहीत. त्यामुळे पुठ्ठा, प्लॅस्टिकचे पत्रे, फोमशीट घेऊन लाकडी केबिन, हौदा, मागील फळीवरील कमळे आणि 'हॉर्न ओके प्लीज' हे सारे हातानेच करावे लागते. महाराष्ट्रातील काही हौशी तरुण याच रीतीने एस.टी.च्या गाड्या करतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तिच्यापासून तहत आजच्या गाड्यांपर्यंत. खिडक्यांच्या गजांची संख्या चुकली तर जाणकार लगेच सांगतात. गावी जाताना त्याच गजांना धरून उभे राहिलेल्यांची नजर असते ती.

या छंदात एक मोह आहे आणि तो आपल्या समाजापुढे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. तो मोह साठ्याचा. न जोडलेली खोकी घेऊन ठेवण्याची सवय लागते. एक जोडून होईतो पाच घरात येतात. इंग्रजी भाषिक छंदिष्टांत यावर एक विनोदच रूढ आहे: उरलेल्या आयुष्यात जोडून संपणार नाही एवढा साठा झाला, की त्या अवस्थेला त्यांनी एक खास नाव देऊन ठेवले आहे. परिग्रहाची व्याख्या ज्यांना पाठ आहे त्यांनी हे ऐकून हसावे, आणि घरी गेल्यावर स्वतःची कपाटेही एकदा उघडून पाहावीत. पत्नीला कळू नये म्हणून खोकी मोटारीच्या डिकीत दडविणारे गृहस्थ सर्व देशांत आहेत. प्रश्न गृहस्थ गेल्यावर उभा राहतो. मुलांना त्या खोक्यांचे मोल कळत नाही; ती रद्दीच्या भावाने जातात. म्हणून काही मंडळांत रीत पडली आहे की सभासद गेला तर त्याच्या मेजावरील अर्धवट काम मित्रांनी पूर्ण करून घरच्यांना द्यावयाचे. तेथे एक नाजूक अडचण येते. गेलेल्या माणसाच्या हातून राहिलेली चूक दुरुस्त करावी की तशीच ठेवावी? तशी ठेवणारे अधिक आहेत, असे म्हणतात.

छंद माणसाला कोठवर नेतो याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकेत मायकेल पॉल स्मिथ नावाचे गृहस्थ होते. लहानपणी शाळेत त्यांना फार मारहाण व छळ सोसावा लागला आणि पुढे आयुष्यभर नैराश्याशी झगडावे लागले. टपाल वाटणे, घरांच्या भिंतींना कागद चिकटविणे, संग्रहालयासाठी प्रतिकृती करणे अशी नाना कामे त्यांनी केली. उत्तरायुष्यात त्यांनी चोविसाव्या हिश्श्याची घरे, दुकाने, पेट्रोल पंप स्वतः घडविले, त्यांच्यासमोर त्याच मापाच्या जुन्या मोटारी उभ्या केल्या आणि एल्गिन पार्क या नावाचे एक काल्पनिक गाव वसविले. हे सारे एका मेजावर. ते मेज ते घराबाहेर नेत, ते अशा बेताने ठेवीत की पाठीमागे खरी झाडे आणि खरे आकाश यावे, आणि साध्याशा कॅमेऱ्याने छायाचित्र घेत. संगणकावरील कोणतीही कारागिरी नाही. केवळ अंतराचे गणित. पाहणाऱ्याला ते १९५० च्या दशकातील खरेच गाव वाटे. जगभरातील लक्षावधी लोकांनी ती छायाचित्रे पाहिली. ज्या बालपणाने त्यांना छळले त्याच काळातील गाव त्यांनी पुन्हा बांधले. फक्त या गावात त्यांना मारणारे कोणी नव्हते, कारण त्यांनी तेथे माणसेच ठेवली नाहीत. २०१८ मध्ये ते निवर्तले.

वयाबरोबर या छंदाचे स्वरूप पालटते. पन्नाशीनंतर जवळचे दिसेनासे होते, म्हणून कपाळावर बांधावयाचे भिंग येते. साठीनंतर हात किंचित कापू लागतो. मग मनगट मेजाच्या कडेला टेकवून, श्वास रोखून, आरशाची चौकट रंगवावी लागते. त्यापुढे काही जण चोविसावा हिस्सा सोडून बाराव्याकडे वळतात. भाग मोठे, चिमट्यात नीट येतात. बारीक भाग खाली पडला की पूर्वी वाकून स्वतः शोधत, आता नातवाला हाक मारतात. नातू फरशीवर पालथा पडून, मोबाइलचा दिवा जमिनीलगत धरून शोधतो. दिवा आडवा धरला की एवढ्याशा भागाचीही लांब सावली पडते आणि तो चटकन दिसतो. ही युक्ती त्याला कोणी शिकविलेली नसते. भाग सापडला की तो लगेच परत देत नाही. हा कोठे बसतो, असे विचारतो. मग आजोबा चष्मा कपाळावर सारतात आणि त्याच्यासाठी दुसरी खुर्ची मेजाशी ओढतात.